तिघे गातात, बाकीचे टाळ्या वाजवतात: सामुदायिक प्रार्थनेची पदे निवडणे, शिकवणे आणि वाटणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवड्यातून एकदा तीस-पस्तीस जण सामुदायिक प्रार्थनेला जमतात. पेटी आहे, टाळ आहेत, बऱ्या गळ्याचे दोघे-तिघे आहेत. पदे तेवढेच म्हणतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. नवे पद घेतले की पुढच्या आठवड्यात ते कुणालाच आठवत नाही. मोबाइलवर गाणी पाठवून झाली, पण मग प्रत्येक जण वेगळीच चाल घेऊन येतो. सगळ्यांनी गावे यासाठी काय करायचे?

लोकांना गाता येत नाही, हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. पद भलत्याच पट्टीत धरलेले असते, नाहीतर ज्याला चांगले गाता येते त्याच्या सोयीने निवडलेले असते. म्हणून सुरुवात पट्टीपासून करा.

पेटी वाजवणाऱ्यांना विचारा, सूर कुठला धरता? मुख्य गाणाऱ्या बाई असतील तर उत्तर बहुधा ‘काळी चार’ किंवा ‘काळी पाच’ असे येते, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी किंवा पाचवी काळी पट्टी. मध्य षड्जापासून (मधल्या ‘सा’पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या ‘सा’पर्यंत) जाणारे पद काळी चारमध्ये बायकांना ठीक जाते. पुरुषांची मात्र कोंडी होते. खालच्या सप्तकात गेले तर आवाज घशात बसतो, बायकांच्याच सप्तकात गेले तर मान ताणावी लागते. दोन ओळी प्रयत्न करून ते टाळ्यांवर येतात. मुख्य गाणारे पुरुष असले आणि वरच्या पंचमापर्यंत जाणारी पदे आवडीने घेत असले, की हीच गत बायकांची होते.

स्त्री-पुरुष एकत्र म्हणतात तेव्हा ते एका सप्तकाच्या अंतराने म्हणतात. शिकलेला गळा नसताना दोघांनाही झेपणारा टापू लहान आहे: पांढरी एकपासून तिच्या वरच्या पांढरी एकपर्यंत. फार तर खाली पांढरी सात आणि वर पांढरी दोन. पद कुठल्या स्वरापासून कुठल्या स्वरापर्यंत जाते ते आधी पेटीवर वाजवून पाहा आणि तो सगळा पल्ला या टापूत बसेल असा षड्ज धरा. मध्य षड्ज ते तार षड्ज असा पल्ला असेल तर षड्ज पांढरी एक. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला ‘प’) ते मध्य पंचम असेल तर षड्ज पांढरी चार, कारण मग खालचा पंचम पांढरी एकवर येतो. खाली मंद्र निषाद (‘नी’) आणि वर धैवत (‘ध’), दोन्ही शुद्ध, असा पल्ला असेल तर पांढरी दोन. निषाद काळी एकवर पडेल आणि धैवत पांढरी सातवर. म्हणजे प्रत्येक पदाला स्वतःचा सूर असतो, आणि ‘आमचा सूर काळी चार’ ही सवय मोडावीच लागते. पेटीवाले कुरकुर करतील, कारण बोटे बसलेली असतात. त्यांना दोन आठवडे द्या. पहाटेची किंवा सकाळी लवकरची प्रार्थना असेल तर आणखी एक-दोन पट्ट्या खाली या. झोपेतून उठलेला आवाज वर चढत नाही.

तार गंधारापर्यंत (वरच्या ‘ग’पर्यंत) जाणारा अंतरा कुठल्याच पट्टीत सगळ्यांना झेपणार नाही. असे पद आवडीचे असेल तर अंतरा पुढे म्हणणाऱ्याकडे ठेवा आणि ध्रुपद, म्हणजे कडव्यांनंतर परत परत येणारी ओळ, तेवढे गटाला द्या.

पेटी नसेल तर मोबाइलमधला तानपुरा पुरतो, पण तो सुरुवातीला ऐकवून बंद करू नका. नुसत्या आवाजावर चाललेली संथ नामधून पंधरा मिनिटांत एखादी पट्टी सहज खाली घसरते. ओळीच्या शेवटी श्वास संपतो, शेवटचा स्वर ढिला पडतो, आणि पुढची ओळ त्या ढिल्या स्वरावरून उचलली जाते. पुढे म्हणणाऱ्याने ओळीचा शेवट किंचित आधी सोडून श्वास घ्यावा आणि पुढचा पहिला स्वर तानपुऱ्यावरून उचलावा, गटाच्या आवाजावरून उचलू नये.

काय निवडावे

गटाला जमणाऱ्या रचना तीन प्रकारच्या असतात. पहिली नामधून किंवा जप: एकच ओळ, तीच पुन्हा पुन्हा. दुसरी, पुढच्याने ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी जशीच्या तशी परत म्हणायची. तिसरी, कडवी एकट्याने आणि ध्रुपद सगळ्यांनी. यात गट फक्त झील धरतो. नवा गट असेल तर पहिले तीन महिने पहिल्या दोन प्रकारांवरच राहा. तिसरा प्रकार सोपा वाटतो, पण कडव्याच्या वेळी गट गप्प बसलेला असतो आणि ध्रुपदाला नेमके कधी यायचे हे नवख्याला कळत नाही.

फ्रान्समधल्या तेझे या गावी ब्रदर रोजे यांनी १९४० मध्ये सुरू केलेल्या ख्रिस्ती मठात पुढे अनेक देशांची तरुण मंडळी येऊ लागली, आणि कुणाची भाषा कुणाला येईना. तेव्हा ज्याक बेर्तिए या संगीतकाराने त्यांच्यासाठी एक-दोन ओळींची, पुन्हा पुन्हा म्हणायची पदे बांधली, त्यातली कित्येक लॅटिनमध्ये. आपल्याकडच्या नामधुनीचा हाच बांधा आहे. लहान ओळ पुन्हा पुन्हा म्हटली की तिसऱ्या-चौथ्या फेरीत कागद खाली जातो.

मराठी गटाच्या हाताशी एक फार मोठी सोय असते, ती म्हणजे अभंगाचा छंद. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात. ज्ञानेश्वरांचा हरिपाठ याच मापाचा आहे. म्हणजे या मापाची एक चाल पक्की बसली की शेकडो अभंग त्याच चालीवर म्हणता येतात. तरी प्रत्येक अभंगाला नवी चाल लावण्याची हौस का असते, ते कोडेच आहे. गटाला वर्षभर दोन चाली पुरतात.

मापाचा नमुना म्हणून ही साधी ओळ घ्या:

दिवा लावियेला । दारी आणि मनी ।
सरली रजनी । उजाडले ॥

दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांत, एका मात्रेला एक अक्षर बसते. शेवटच्या चार अक्षरांनंतर दोन मात्रा मोकळ्या राहतात. श्वास तिथे घ्यायचा आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्दही तिथेच सुचवायचा. भजनी ठेक्यात आठ मात्रा असतात; तिथे प्रत्येक चरणात दोन अक्षरे लांबवावी लागतात आणि शेवटची चार अक्षरे दोन-दोन मात्रांची होतात. अगदी सोपी चाल हवी असेल तर ही घ्या, सगळे स्वर शुद्ध:

सा सा रे ग ग रे । ग ग म ग रे सा ।
रे रे ग रे सा नी (नी मंद्र) । सा रे सा सा ऽ ऽ ॥

पाचच स्वर लागतात, त्यामुळे षड्ज पांढरी दोनपासून पांढरी चारपर्यंत कुठेही धरला तरी चालतो.

लय किती ठेवायची? संथ म्हणजे सोपे, हा गैरसमज आहे. दादऱ्यात मिनिटाला ९० मात्रा ठेवल्या तर बारा अक्षरांना आठ सेकंद लागतात, आणि तेवढा श्वास वयस्कर माणसालाही पुरतो. लय ६० वर आणली की त्याच बारा अक्षरांना बारा सेकंद लागतात. श्वास शब्दाच्या मधेच तुटतो आणि माणूस गायचे थांबवतो. ज्या गटात साठीच्या पुढची मंडळी जास्त आहेत तिथे ओळ थोडी चढ्या लयीत आणि खालच्या पट्टीत ठेवा. लय वाढवत नेण्याची भजनी पद्धत रंगत आणते, पण अक्षरे एकमेकांत मिसळू लागली की थांबा. त्यापुढे फक्त टाळ ऐकू येतात.

शिकवणे

नवे पद प्रार्थनेच्या मधे शिकवू नका. प्रार्थनेआधी बारा-पंधरा मिनिटे काढा. महिन्याला एकच नवे पद घ्या आणि सलग चार आठवडे तेच ठेवा. दुसऱ्या आठवड्यात ‘हे तर आता येते’ असे चार जण म्हणतील. ते गळ्याचे चार जण असतात, बाकीच्यांचा विचार करा.

आधी शब्द. चालीशिवाय, पण ठेक्यात, हाताने मात्रा देत दोनदा म्हणवून घ्या. अर्थ दोन वाक्यांत सांगा; इथे प्रवचन सुरू झाले की बारा मिनिटे संपतात. मग सगळे पद एकदा स्वतः म्हणून दाखवा, हरकती-मुरक्या न घेता, कारण पहिल्यांदा ऐकलेले रूपच डोक्यात बसते आणि तुमची मुरकी पस्तीस जणांकडून पस्तीस प्रकारांनी परत येते. मग ओळ ओळ द्या. गट ओळ परत म्हणत असताना तुम्ही गप्प राहा. हे फार थोडे लोक पाळतात. तुम्ही सोबत म्हणत राहिलात तर गटाला काय येते ते तुम्हाला ऐकूच येत नाही, आणि तुमच्याशिवाय म्हणायची सवय गटालाही लागत नाही.

चूक दिसली तर एका वेळी एकच दुरुस्त करा, आणि ती सूर चुकल्याची असेल तर बोलून सांगू नका. हाताने दाखवा: स्वर वर गेला की तळवा वर, खाली आला की खाली. ‘तुमचा सूर लागत नाही’ हे एकदा सगळ्यांदेखत ऐकलेला माणूस पुन्हा तोंड उघडत नाही.

मराठी पदात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो शब्दातल्या ‘अ’चा. बोलताना आपण ‘सर्ली’, ‘उजाड्ले’ म्हणतो. छंदात मात्र स-र-ली ही तीन अक्षरे आहेत आणि उ-जा-ड-ले ही चार. अर्धा गट बोलल्यासारखे म्हणतो, अर्धा अक्षर मोजून, आणि एक मात्रा मागे-पुढे होते. टाळकऱ्याला वाटते लय चुकली. अशा जागा कागदावर आधीच हेरून ठेवा आणि शब्द म्हणवून घेतानाच अक्षरे सुटी करून म्हणवा. संस्कृत श्लोक घेत असाल तर अनुष्टुभ सोयीचा: आठ अक्षरांचे चार चरण, एकूण बत्तीस, श्वास सोळाव्या अक्षरानंतर. विसर्ग गिळू नका, आणि ‘ज्ञ’ मराठी वळणाने म्हणायचा की दुसऱ्या, हे एकदाच ठरवा.

पाठभेदावरून वाद होतोच. एकाच अभंगाचे शब्द दोन गाथांत दोन प्रकारचे सापडतात आणि दोघेही आपलेच खरे म्हणतात. गटाने एक पाठ निवडावा, तो कोणत्या छापील प्रतीतला आहे हे कागदाच्या तळाशी लिहावे आणि चर्चा चहाच्या वेळेवर ढकलावी.

बसण्याची रचनाही बघा. पक्क्या आवाजाची माणसे पेटीभोवती एकत्र बसतात. त्यांना उठवून चार कोपऱ्यांत पसरा. शेजारी आवाज असला की कच्चा गळाही उघडतो. टाळाच्या दोन जोड्या तीस माणसांना पुरे. दहा जोड्या वाजल्या की व्यंजने ऐकू येत नाहीत, आणि शब्द न येणाऱ्याला शब्द पकडायला जागाच उरत नाही. ध्वनिक्षेपक असेल तर तो फक्त पुढे म्हणणाऱ्यापुढे ठेवा आणि गटाच्या पाळीला त्याने तोंड बाजूला घ्यावे. आपला आवाज आपल्याला ऐकू आला नाही की माणसे गाणे सोडतात, आणि यंत्रातून येणारा एक मोठा आवाज तेच करतो.

थांबायचे कसे, हे आधी ठरलेले असावे. शेवटच्या फेरीच्या आधीच्या फेरीत हात वर करा. मग शेवटची ओळ तीनदा, तिसऱ्यांदा संथ. त्यानंतर अर्धा मिनिट काहीही बोलू नका. ‘आता पान सात काढा’ ही घाई चांगल्या रंगलेल्या नामधुनीवर पाणी ओतते.

कागद आणि ध्वनिफीत

प्रार्थनेत मोबाइलवरून शब्द वाचायला लावू नका. पडदा विझतो, निरोप येतात, डोके खाली जाते. कागद द्या. अक्षर १८ पॉइंटचे, ज्येष्ठांसाठी वेगळ्या काही प्रती २२ पॉइंटच्या. एका पानावर एकच पद, आणि ते पान उलटावे लागू नये. जिथे श्वास तिथेच ओळ तोडा. गटाने म्हणायच्या ओळी ठळक छापा. ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर पूर्ण लिहा. नुसते ‘॥ध्रु॥’ लिहिले की नवखा माणूस वरची ओळ शोधत बसतो आणि तोवर कडवे सुरू होते. वरच्या कोपऱ्यात पद क्रमांक, षड्जाची पट्टी, पल्ला आणि ठेका. वीस पदांची वही गटाला पहिली दोन वर्षे पुरते. दोनशे पदांची छापली तरी त्यातली वीसच म्हटली जातात.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या ठशांत (फाँटमध्ये) टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या यंत्रावर उघडली की नुसती गिचमिड दिसते. पाठवताना पीडीएफ पाठवा. स्वरलिपी निरोपात टाइप करू नका: मंद्र स्वराखालचे टिंब, तार स्वरावरचे टिंब आणि कोमल स्वराखालची रेघ वाटेत गळतात, आणि वाचणाऱ्याला मंद्र निषाद मध्य सप्तकात दिसतो. हाताने स्वच्छ लिहून त्याचे छायाचित्र पाठवा.

नामवंत गायकांच्या चित्रफिती गटात पुढे पाठवणे आजच बंद करा. ‘प्रत्येकाची चाल वेगळी’ या तक्रारीचे मूळ बहुधा तिथेच असते. ती गाणी मैफिलीची असतात. सूर वेगळा, मधे ताना आणि कधी कधी शब्दही वेगळे. आपल्याच गटातल्या साध्या, स्थिर आवाजाच्या माणसाकडून ध्वनिमुद्रण करून घ्या. गळा गोड असण्यापेक्षा शब्द स्वच्छ असणे महत्त्वाचे. पडदे लावलेली खोली, पंखा बंद, तोंडापासून मोबाइल वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ फुटत नाहीत. तानपुरा दुसऱ्या मोबाइलवर, लांब आणि हळू. एका पदाच्या तीन छोट्या फिती करा: नुसते शब्द ठेक्यात, पूर्ण पद एकदा, आणि तिसरी, जिच्यात प्रत्येक ओळीनंतर तेवढ्याच लांबीची मोकळी जागा असेल. घरी सराव होतो तो या तिसऱ्या फितीवर. नाव क्रमांकाने सुरू होऊ द्या, म्हणजे ‘०७ दिवा लावियेला – पांढरी तीन’. गटातला आवाजी निरोप आठवड्यात दोनशे शुभेच्छांखाली गाडला जातो, म्हणून सगळ्या फिती एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यात भर घालण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा.

हक्क आणि मर्यादा

भारतातल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या शब्दांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. संतांचे अभंग अर्थातच मोकळे आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण १९६८ मधले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांचा हिशेब २०२८ अखेरपर्यंत जातो. लोक फसतात ते चालीत: शब्द तुकारामांचे असले तरी विसाव्या शतकातल्या संगीतकाराने बांधलेली चाल ही त्याची स्वतंत्र रचना असते. प्रामाणिक धार्मिक विधीत असे पद म्हणायला कायद्याच्या कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. ती त्या विधीपुरती आहे. वही छापून वाटणे किंवा ध्वनिमुद्रण आंतरजालावर चढवणे तिच्यात येत नाही. वहीत आणि फितीत पारंपरिक किंवा स्वतः बांधलेल्या चालीच घ्या, नाहीतर लेखी परवानगी मागा. नव्या कवीचे नाव पदाखाली छापा, परवानगी लागत नसली तरी.

वेगवेगळ्या धर्मांची माणसे असलेल्या गटात जे सगळ्यांनी म्हणायचे आणि जे फक्त ऐकायचे, ते वेगळे ठेवा. कुराणाचे पठण हे गाणे नव्हे. त्याला ठेका लावू नका, जाणकाराने करावे आणि बाकीच्यांनी शांत बसावे. शिखांची गुरुबाणी म्हणताना डोके झाकलेले असावे आणि शब्द बदलू नयेत. दीक्षेत दिलेला मंत्र वहीत छापायचा नसतो, आणि स्वरांसह म्हणायचे वेदमंत्र फितीवरून शिकवण्यासारखे नाहीत. एखाद्या परंपरेचे पद घ्यायचे असेल तर त्या परंपरेतल्या माणसालाच ते पहिल्यांदा पुढे म्हणायला सांगा. दुसऱ्यांच्या पदातले देवाचे नाव बदलून आपले घालू नका. त्याऐवजी दुसरे पद निवडा.

पुढच्या आठवड्यापुरते एवढेच करा: सध्याच्या पदांपैकी सगळ्यात जास्त लोकांना येणारी दोन पदे घ्या, त्यांचा पल्ला पेटीवर काढा, पट्टी बदला, आणि दोन ओळी गटाला एकट्याने म्हणू द्या. मागच्या रांगेतले पुरुष गाताहेत का, तेवढे ऐका.